अस्वलाला दिलेली हाळी

चैत्र अर्धा सरला की खामगावच्या आठवडी बाजारात एका कडेला मोहफुलांची पोती येऊन पडतात. धान्याच्या ओळीत त्यांना जागा नसते. दारूबंदीच्या काळात मोहफूल विकणारा माणूस अंग चोरून बसतो आणि बाजारात फिरणारा शिपाई त्याच्यासमोर आला की पाऊल हळू करतो. पोत्यांची तोंडं बांधलेली असतात, पण वास काही बांधता येत नाही. गुळाचा, वाळक्या खजुराचा आणि घामेजलेल्या कापडाचा मिळून एक जड वास. मला त्या वासानं आधी मळमळतं आणि मग भूक लागते. दोन्ही आमझिरीचं देणं आहे.

यंदा तो वास आला आणि मी भाजीची पिशवी घरी टाकून थेट एसटी स्टँडवर गेलो.

जळगाव जामोद मागे पडलं की कपाशीची रानं संपतात आणि सातपुडा समोर उभा राहतो. उन्हाळ्यात हे सागाचं जंगल हिरवं नसतं. पानं गळून गेलेली, बुंधे राखाडी, पायाखाली पाचोळा पापडासारखा मोडतो. मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो, तोही आता विझत आलेला. या जंगलात आमझिरी हे पंचवीस-तीस कोरकू घरांचं गाव. त्याला वनग्राम म्हणतात. शब्द ऐकायला फार सुंदर आहे. अर्थ असा, की लाकूडतोडीला माणसं हाताशी असावीत म्हणून ती जंगलात आणून बसवली. झोपडी उभी केली ती जागा सरकारची, पेरली ती पट्टी सरकारची, आणि ज्या दिवशी काम करायला नकार द्याल त्या दिवशी गावातून उठायचं. गोरा साहेब गेला. नंतर आपलं राज्य आलं, त्यानंतर मराठी माणसाचं राज्य आलं, मुंबईत दिवाळी झाली, शेगावच्या रस्त्यांवरही गुलाल पडला. आमझिरीत त्या दिवशी बांबू तोडणी चालू होती.

इंटरची परीक्षा देऊन मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा माझ्या खांद्यावरच्या पिशवीत पत्रकं होती. आमच्या घरात पत्रकं नेहमीच असत. वडील खामगावच्या एका लहान छापखान्यात छपाईचे शिशाचे खिळे जुळवतात. धम्मदीक्षेनंतरच्या त्या वर्षांत आमच्या वस्तीत देवांच्या तसबिरी गेल्या आणि त्यांच्या खिळ्यांवर पत्रकांच्या गड्ड्या टांगल्या गेल्या. मी त्यांवरच वाचायला शिकलो. छापलेल्या शब्दाला उत्तर द्यावंच लागतं, असं मी मनापासून मानत होतो. माझ्या पिशवीतल्या पत्रकावर लिहिलं होतं, की जंगलातलं मोहफूल, डिंक आणि तेंदूपान वेचणाऱ्याचा त्यावर पहिला हक्क आहे. आमझिरीत वाचता येणारं एकही माणूस नव्हतं.

मी ज्यांच्या अंगणात उतरलो त्या घरातल्या म्हातारीनं, जानकीबुढीनं, एक पत्रक उचलून उन्हात धरलं, मागून-पुढून पाहिलं आणि मलाही कळावं म्हणून वऱ्हाडीत सुनेला म्हणाली, "दोन्हीकडून काळं करून ठेवलं वं यानं. मागची बाजू तरी कोरी ठेवाची."

सून हसली. तिचं नाव सोमती. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनी जास्त असेल. गोल चेहरा, कपाळावर गोंदण, बोलताना डोळे आधी बोलायचे. घरात ती कोरकूत बोले आणि माझ्याशी वऱ्हाडीत. गावानं माझं नाव कागदवाला ठेवलं ते तिच्यामुळेच. "कागदवाले भाऊ, भाकर खा. कागद खाऊन किती दिस काढसान?"

तिचा नवरा मोतीराम बांबूच्या कामावर दूरच्या कूपात, म्हणजे तोडणीसाठी आखलेल्या पट्ट्यात, होता. आठवड्याला एकदा घरी यायचा. घरात शेत नव्हतं. होतं ते एक मोहाचं झाड. ओढ्यापलीकडे, सरकारी बंगल्याच्या चढावर. जानकीबुढीच्या सासऱ्यानं त्याखालची जमीन पहिल्यांदा झाडली होती, म्हणून ते झाड त्या घराचं. कोणत्या झाडाखाली कोणी झाडायचं हे आमझिरीत ठरलेलं असे, आणि तंटा कधी होत नसे. एका चांगल्या झाडाची फुलं वाळवून ठेवली की पावसाळ्यात मजुरी बंद असताना चूल पेटते. फुलं उकडून खायची, ज्वारीच्या पिठात मळून त्याची काळसर गोड भाकर करायची, पुढे बियांचं तेल काढायचं. झाड गेलं तर आषाढ-श्रावणात काय खायचं, याला त्या घराजवळ दुसरं उत्तर नव्हतं.

फाल्गुनातच झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करून ठेवलेली असायची. पहाटे त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळी, फुगीर, रसानं जड झालेली फुलं टपटपत. मी तो आवाज ऐकत उभा राहिलो आहे. पावसाचा थेंब आणि फळ यांच्या मधलाच काहीतरी आवाज. बोटं चिकट होतात. पाठ मोडते. ऊन चढलं की फुलं पडायची थांबतात आणि माश्या येतात.

आणि अस्वल येतं. खरं म्हणजे ते आधीच आलेलं असतं. मोहाची गोडी त्यालाही आहे, आणि रात्रभर ते त्याच झाडाखाली जेवत असतं. अस्वल वाघासारखं चाहूल घेऊन बाजूला होत नाही. खायला बसलं की त्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, आणि अचानक माणूस समोर आला की ते घाबरतं आणि सरळ तोंडावर येतं. म्हणून आमझिरीच्या बाया झाडाकडे जाताना ओढा ओलांडण्याआधी थांबत. सगळ्यांत म्हातारी बाई पुढे होई आणि घसा मोकळा करून अस्वलाला हाळी घाली.

"ओ मामाऽऽ! झालं का तुह्यं? उठ आता! लेकरं आली तुह्यी! आमचं आमाले ठेव, तुह्यं तुले घे, अन् जाय घरी!"

मग थांबायचं. पाचोळ्यात जड पावलं वाजतात का ते ऐकायचं. पुन्हा हाळी घालायची. टोपल्यांवर काठ्या बडवायच्या, एखादीनं शिवी हाणायची, बाकीच्यांनी हसायचं. "मामी वाट पाहून राह्यली रे, मोह पिऊन पडला का काय?" एका झाडाखालून दुसऱ्या, दुसऱ्याखालून तिसऱ्या, अशी ती हाळी टेकडीवर चढत जाई. पहिल्या दिवशी मी दचकून उठलो होतो. नंतर ती ऐकू आली की कूस बदलून निजायची सवय लागली. ज्या गावाला सरकारपुढे तोंड उघडायची सोय नव्हती, ते गाव पहाटे जंगलाशी असं मोठ्यानं, बरोबरीनं बोलत होतं. मला तेव्हा ते फक्त गमतीचं वाटलं. आज वाटतं, गावाच्या मालकीचं असं तेवढंच होतं.

ओढ्यापलीकडचा बंगला गोऱ्या साहेबांनी शिकारीसाठी बांधलेला. कौलारू, चारी बाजूंनी ओसरी, आत वाघाच्या कातड्याचा डाग राहिलेली भिंत. आता तिथे नव्या तऱ्हेचे पाहुणे येऊ लागले होते. ते बंदूक आणत नसत. दुर्बिणी आणत, कॅमेरे आणत, पक्ष्यांची नावं इंग्रजीत घेत. शहरातल्या शिकलेल्या लोकांनी एक मंडळ काढलं होतं आणि ते मंडळ वनसहली नेत असे. त्यांचं पत्रक मी पाहिलं होतं. जाड, गुळगुळीत कागद, वर हरणाचा ठसा, खाली अरण्याच्या शांततेचं वर्णन. ते आमच्याच छापखान्यात छापलेलं होतं, खिळे माझ्याच वडिलांनी जुळवलेले. वडील म्हणाले होते, "मजकूर चांगला आहे. कुठं माणूस नाही त्यात."

माणूस नव्हताच. जंगल होतं, जनावरं होती, तारे होते.

त्या उन्हाळ्यात पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, दिवस मावळताना, बंगल्याचा चौकीदार नामदेव ओढा ओलांडून गावात आला. तो खालच्या सपाटीवरचा कुणबी, गरीबच माणूस, पण खाकी सदरा घातला की त्याच्या चालण्यात फरक पडे. जानकीबुढीच्या अंगणात बायका फुलं उलटीपालटी करत बसल्या होत्या.

"आयका बायाहो," नामदेव म्हणाला. "उद्यापासून पाहुणे हायेत. अस्वल पाहाले येऊन राह्यले थे लोक. सकायी वरडाचं नाई. टोपले बडवाचे नाई. जनावर बिचकते."

बुढीनं मान वर केली. "नाई वरडलो तं त्याले समजन कसं आमी आलो म्हनून?"

"त्याले समजलंच नाई पाह्यजे ना! तो आरामशीर खाईन, अन् थे लोक ओसरीतून पाहातीन."

"अन् आमी?"

"तुमी बी जा. तुमाले कोन अडवते? फक्त चुपचाप जा."

सोमती फुलं चाळता चाळता म्हणाली, "नामदेवभाऊ, पाहुण्याईले सांगा, मामाले भेटाचं असन तं एकेक टोपलं घेऊन आमच्या पुढं चाला. लई जवळून दिसते."

बाया खदखदून हसल्या. नामदेवही हसला, आणि मग त्याला आठवलं की आपण हसायला आलो नाही. "मस्करी नाई वं सोमती. वरून सांगतलं हाये. तुह्यं झाड तं बंगल्याच्या तोंडावरच हाये. आवाज झाला तं पह्यलं नाव तुह्यंच येईन. झाड दुसऱ्याले देऊन टाकतीन."

माझं रक्त तापलं. मी पुढे झालो आणि विचारलं, "हुकूम कोणी काढला? लेखी दाखवा."

नामदेव माझ्याकडे नवलानं पाहत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता. "कागद? कागदाचं काय काम हाये बाप्पा यात? तोंड बंद ठेवाचं, एवढंच तं सांगाचं होतं. तोंडानंच सांगतलं."

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पत्रकात या वाक्याला उत्तर नव्हतं. छापलेला हुकूम असता तर मी त्याला उत्तर छापलं असतं. तो जाळला असता, बाजारात वाचून दाखवला असता. हा हुकूम कुठेच नव्हता. वरच्या साहेबाला विचारलं तर त्यानं म्हटलं असतं, आम्ही कुणाला काही सांगितलेलं नाही. मंडळाला विचारलं तर त्यांनी म्हटलं असतं, आम्ही फक्त शांतता राखावी अशी विनंती केली. चौकीदाराच्या तोंडून निघाला तेव्हा त्या विनंतीला सोमतीच्या झाडाची धमकी चिकटलेली होती, आणि कोणाच्या हातून चिकटली हे शोधायला जागाच नव्हती.

गाव विचाराला बसलं. बुढी म्हणाली, जाऊच नका. दुसरी म्हणाली, आठ दिवस गेलो नाही तर फुलं संपतात, मग पावसाळ्यात काय माती खायची? तिचंही खरं होतं. मोहाचा बहार वर्षातून एकदाच, आणि तो पाहुण्यांसाठी थांबत नाही. मग सोमतीच आत गेली आणि मेलेल्या बैलाच्या गळ्यातली लाकडी घंटा घेऊन आली. चालताना ती टक-टुक, टक-टुक वाजते. टोपल्याला बांधायची. ओरडणं नाही, बडवणं नाही, आणि अस्वलाला आवाजही जाईल. नामदेवला विचारलं. तो खूश झाला. "घंटा चालते. गुराढोराचा आवाज हाये, पाहुण्याईले बी गोड वाटन."

त्या रात्री घराघरातून घंटा निघाल्या. सगळ्यांना हायसं वाटलं. आमझिरीतल्या लहान पोरालाही हे ठाऊक होतं, की रानात चरणाऱ्या गुरांच्या घंटा अस्वल रोज ऐकतं आणि गुरांना ते कधी उठून वाट देत नाही. पण ते कुणाच्या तोंडून निघालं नाही. घंटेचा आवाज त्यांच्या कानात इतका मुरलेला होता, की तो ऐकला की त्यांना सुरक्षित वाटायचं. आपल्याला सुरक्षित वाटतं म्हणजे अस्वल दूर झालं, अशी त्यांनी त्या दिवशी गल्लत केली. ही चूक गुरांसोबत जन्म काढलेल्या माणसांकडूनच होऊ शकते. मी त्यांच्यावर हसत नाही. ज्याचं तोंड बांधलंय तो हाताला येईल ते वाजवतो.

पाहुणे आले. एक वकीलसाहेब, त्यांची पत्नी, दोन प्राध्यापक, आणखी काही जण. त्यांच्याविषयी वाईट लिहायला मला आवडलं असतं, पण ती माणसं वाईट नव्हती. वकीलसाहेबांनी गावातल्या पोरांना गोळ्या वाटल्या. त्यांच्या पत्नीनं जानकीबुढीच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, इथे तुम्हाला भीती नाही का वाटत? बुढीला प्रश्न कळला नाही. एका प्राध्यापकानं मला विचारलं, तुम्ही इथे काय करता? मी पत्रक दिलं. त्यानं ते खरंच पूर्ण वाचलं आणि म्हणाला, भाषा जरा जहाल आहे. आणि संध्याकाळी ओसरीत बसून ते सगळे म्हणत होते, केवढी शांतता आहे हो इथे, शहरात हे विकत मिळत नाही.

पहिल्या काही पहाटा गेल्या. ओढ्यापलीकडून हाळी आली नाही. मी जागा होऊन पडून राही. घंटा वाजत जात, टक-टुक, टक-टुक, आणि त्या आवाजात माणूस कुठेच नसे. पाहुण्यांना दोनदा अस्वल दिसलं. नामदेवला बक्षीस मिळालं.

मग ती सकाळ आली. अजून तांबडं फुटायचं होतं. सोमती पुढे गेली होती, बुढी गुडघे दुखतात म्हणून मागून येत होती. मी अंगणात चूळ भरत होतो. घंटा ओढ्याच्या वाळूत वाजली, मग चढावर वाजली, मग थांबली. वाकली असेल फुलं वेचायला, असं मला वाटलं. त्यानंतर जे ऐकू आलं ते मी लिहू शकत नाही. लगेच ओसरीतून माणसांचा आरडाओरडा झाला, टाळ्या, डबे, काठ्या, वकीलसाहेबांचा फाटलेला आवाज, बायकांच्या किंकाळ्या. त्या गोंधळानं अस्वल पळालं. सोमतीचा जीव वाचला तो ओरडण्यामुळे, आणि ओरडणारे पाहुणेच होते. त्या एका सकाळी सबंध चढावर मनसोक्त ओरडायची मुभा फक्त त्यांना होती.

मी पोचलो तेव्हा वकीलसाहेबांच्या पत्नीनं आपलं रेशमी पातळ फाडून तिच्या डोक्याला गुंडाळलं होतं. डावा गाल नव्हता. डोळा कुठे आहे ते कळत नव्हतं. काळ्या केलेल्या जमिनीवर फुलं तशीच टपटपत होती, तिच्या अंगावरही पडत होती. जानकीबुढी फुलांतून चालत आली, तिच्याजवळ बसली, आणि आम्हा सगळ्यांकडे पाहून कुणाला म्हणून नव्हे असं म्हणाली, "म्या हाळी दिली असती तं?"



पाहुण्यांनी जीप लगेच दिली. ड्रायव्हरनं रस्ता नसलेल्या रस्त्यावरून ती अशी काढली की आम्ही जिवंत पोचलो याचं नवल वाटावं. जळगाव जामोदच्या दवाखान्यात डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं. मोतीराम कूपातून चालत, पळत तिसऱ्या दिवशी आला. खाटेशी बसला आणि म्हणाला, "घंटा काऊन बांधली वं? घंटेले थे कधी भेलं का?" सोमतीच्या तोंडावर पट्ट्या होत्या. तिनं उघड्या डोळ्यानं त्याच्याकडे पाहिलं. पाहुणे यायच्या आदल्या रात्री तो घरी असता तर त्यानंही घंटाच बांधली असती.

मला वाटलं होतं, आता हे प्रकरण पेटेल. मी खामगावला येऊन रात्रंदिवस लिहिलं. पण शहरात ही बातमी माझ्याआधी पोचली होती आणि वेगळ्या रूपानं पोचली होती. वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, क्लबात ती थरारक कथा म्हणून सांगितली जात होती. आमच्या डोळ्यांसमोर हो! पन्नास पावलांवर! ऐकणारे विचारत, कुठे म्हणालात? आमझिरी? कसं जायचं?

पुढच्या उन्हाळ्याआधी मंडळाचं नवं पत्रक आमच्या छापखान्यात आलं. वर हरणाच्या जागी अस्वलाचा ठसा होता. वडिलांनी खिळे जुळवले. दुसरं काम नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन ते बराच वेळ हात धूत राहिले, आणि मला म्हणाले, "तुझ्या पत्रकाला जो टाइप वापरला तोच आहे. टाइपला काही कळत नाही."

त्या उन्हाळ्यात सोमतीच्या झाडाभोवती काटेरी कुंपण पडलं. बंगल्यावरचे लोक झाडाखाली गूळ आणि मीठ टाकू लागले, म्हणजे अस्वल रोज यावं. कारण असं सांगितलं की बाईच्या सुरक्षिततेसाठीच तिला तिथे जाऊ द्यायचं नाही. केवढी काळजी! ज्यांनी तिला गप्प केलं त्यांनीच आता तिला वाचवायचं म्हणून तिचं झाड काढून घेतलं. दुसरं झाड तिला मिळालं नाही. प्रत्येक झाड कुणाचं तरी होतं, आणि दुसऱ्याच्या पोटातला घास ती मागणार नव्हती. मागणी केली ती एकच, आणि ती माझ्याकडे. एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत ती म्हणाली, "तुह्या कागदानं माह्यं झाड येते का वापस? तेवढं सांग. माह्या तोंडाचं नको लिहू. झाडाचं लिही."

मी झाडाचं लिहिलं. छापलं, वाटलं, अर्ज केले. उत्तर आलं तेव्हा ते छापील होतं. जंगलातलं प्रत्येक झाड सरकारचं आहे.

म्हणजे छापलेल्या शब्दाला उत्तर मिळतं हे खरं निघालं. ते कुणाच्या बाजूनं मिळतं हे माझ्या घरातल्या गड्ड्यांनी मला शिकवलं नव्हतं. मी पत्रकं लिहिणं सोडलेलं नाही. सोडणारही नाही. पण आता मी मजकूर लिहून झाला की त्यात माणूस आहे का ते पाहतो, आणि असला तर तो बोलतो आहे का ते पाहतो.

यंदा आमझिरीच्या अलीकडेच मला दुरून ते झाड दिसलं. चैत्रात मोहाला तांबूस कोवळी पालवी फुटते. त्याला ती फुटलेली नव्हती. जवळ गेलो. कुंपण जागच्या जागी होतं. आत कंबरेएवढ्या उंचीवर बुंध्याची साल गोल काढलेली होती, वीतभर रुंदीची, पूर्ण वेढा. असं केलं की झाड उभ्या उभ्या मरतं. वरच्या फांद्या वाळून चालल्या होत्या. मोह कापणं हे कोरकूंमध्ये घरातलं माणूस मारण्यासारखं आहे. लग्नाच्या मांडवात त्याची फांदी लागते, मेलेल्याच्या तोंडी त्याचा थेंब लागतो.

जानकीबुढी दारात बसली होती. केस विंचरलेले नव्हते, चुलीला पाठ होती. सुतकातली माणसं अशी बसतात. मला वाटलं मोतीरामला काही झालं.

"मोत्या कामावर हाये," ती म्हणाली. "झाड मेलं. घरातलंच होतं थे. घरातल्यानंच मारलं."

"साहेब लोकांनी चौकशी केली असेल."

"केली ना. साऱ्या गावाले उभं केलं. गाव म्हने, ईज पडली असन. साहेब म्हने, चैतात ईज? गाव म्हने, पडली असन साहेब, आमाले काई आवाज नाई आला." बुढीच्या तोंडावर हसू आलं आणि लगेच गेलं. "म्या बी थेच सांगतलं. पन तिच्या हातचं खात नाई मी. तेरा दिस झाले का खाईन. सून हाये, टाकून कुठं देऊ?"

सोमती घरी नव्हती. बंगल्यासाठी जळगावकडून पक्का रस्ता येतो आहे, त्याच्या खडीवर ती जाते, असं कळलं. मी ज्या वाटेनं आलो त्याच वाटेनं मागे गेलो. येताना मी न थांबता ओलांडलेल्या वळणावर, भर उन्हात, बाया ओळीनं बसून दगड फोडत होत्या. डोक्यावर सावलीला एक फडकं बांधलेलं. सोमतीनं मला पाहिलं आणि हातोडी न थांबवता म्हणाली, "बसा कागदवाले भाऊ. खडी पाहून बसा, रुतते."

मी बसलो. झाडाचा विषय मी काढला नाही. तिनंच काढला. "अस्वलाचं भरलं असतं त्या झाडानं, माह्यं बी भरलं असतं. आमचा दोघाचा तंटा नोहता. पन तिसराच पाहात बसला ना, त्याचं पोट काई भरत नाई." तिनं फुटलेली खडी ढिगाकडे सारली. मग म्हणाली, "रात्री निजते तं झाडच दिसते मले." आणि दगडावर हातोडी मारली.

तेवढ्यात खालून जीप आली. नवी, हिरव्या रंगाची. आत शहरातलं कुटुंब होतं, मागे दोन मुलं. रस्ता अर्धवट म्हणून जीप थांबली. पुढे बसलेल्या गृहस्थांनी मान बाहेर काढली. "बाई, आमझिरी इकडेच ना? अस्वलं दिसतात ते?"

बाकीच्या बायांनी पदर तोंडावर ओढले. सोमती उठली. तिनं पदर मागे सारला, जीपजवळ गेली आणि डावी बाजू त्यांच्याकडे करून उभी राहिली. मागच्या सीटवरची मुलगी आईला बिलगली.

"थे गाव उठलं साहेब," सोमती म्हणाली. "कोनीच नाई तथी आता."

गृहस्थ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. मग ड्रायव्हरशी हळू काहीतरी बोलले. मुलगी रडायला लागली होती. जीप मागेपुढे होत वळली आणि उतारानं खाली गेली. धूळ बराच वेळ हवेत राहिली आणि मग आमच्या सगळ्यांवर बसली.

सोमती आपल्या जागेवर येऊन बसली. शेजारची म्हातारी तोंडावरची धूळ पुसत म्हणाली, "आज गेले. उद्या दुसरे येतीन वं."

"येऊ दे," सोमती म्हणाली आणि हातोडी उचलली. "मी काय कुठं जाऊन राह्यली?"